खुर्चीतली बाई

“म्हातारी शेजाऱ्याच्या बागेत न विचारता शिरली,” मी वाचत होते, “आणि फुलं तोडताना उघड्या खड्ड्यात पडून तिचा पाय मोडला. तिला शेजाऱ्याकडून भरपाई मिळेल का?”

धाकटीच्या दातांत दोऱ्याचं एक टोक होतं आणि उरलेला दोरा दोन्ही हातांत. खुर्चीत मान मागे टाकून बसलेल्या बँकेतल्या बाईंची डावी भुवई अर्धी झाली होती. धाकटीने दातांतला दोरा सोडला.

“मिळायलाच हवी. पाय मोडलाय हो बिचारीचा!”

“खड्डा उघडा ठेवायचाच कशाला म्हणते मी,” बँकेतल्या बाई डोळे मिटूनच म्हणाल्या.

“बघा, यांनाही पटतंय.”

“त्या परीक्षेला नाही बसलेल्या,” मी म्हटलं. “वर नियम काय दिलाय? परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जागेत शिरणाऱ्याला तिथे झालेल्या इजेची भरपाई मागता येत नाही. संपलं. उत्तर, नाही.”

“अहो, पण म्हातारी आहे ती.”

“म्हातारी असो नाहीतर महाराणी. नियमात वय लिहिलंय का कुठे?”

धाकटीने सुस्कारा टाकला, दोरा पुन्हा दातांत धरला आणि ती उजव्या भुवईकडे वळल्याबरोबर मी पुढच्या प्रश्नाकडे वळले.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. पार्लर आमच्या दोघींचं. दोन फिरत्या खुर्च्या, दोन आरसे, कोपऱ्यात डोक्यावर टोपासारखा बसणारा मोठा ड्रायर आणि मागे पडद्याआड चहाची शेगडी. ड्रायर जुना आहे. तो सुरू असताना खाली बसलेल्या बाईला शेजारी ढोल वाजवला तरी ऐकू जाणार नाही. नवा घेऊ, नवा घेऊ असं आम्ही नवऱ्यांना दरवर्षी ऐकवतो आणि तेही ड्रायरखाली बसल्यासारखे मान हलवतात.

प्रश्न होता लॉ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेचा. धाकटीची दोनदा देऊन झाली होती आणि दोनदा हुकली होती. भाषा हिला येते, जगात काय चाललंय ते ग्राहक बायकांमुळे वर्तमानपत्राच्या आधी कळतं, कोडीसुद्धा भराभर सोडवते. गाडी अडायची ती एकाच ठिकाणी. एक नियम देतात, खाली एक भानगड देतात आणि विचारतात, या नियमाप्रमाणे कोण जिंकेल. बस्स. आपलं मत कोणी विचारलेलं नसतं. आणि नेमकं तेच देण्यात आमच्या बाईंचा हात कोणी धरू शकत नाही.

“यंदा नाही झालं तर पुस्तकं रद्दीत,” तिने घरात सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं. “पुन्हा तो विषय काढणार नाही मी.”

भावजी, म्हणजे तिचा नवरा, भाजी चिरता चिरता म्हणाला, “बघ बुवा.” त्याच्या तोंडून एवढं आलं म्हणजे भाषणच झालं.

यंदाही हुकलं तर बरं, असं मला वाटत होतं. उगाच गोडवा कशाला आणू? वर्ग दुपारी उशिरा सुरू होऊन संध्याकाळपर्यंत चालायचे, आणि आमच्या धंद्याची खरी वेळ तीच. ऑफिसं सुटतात आणि बायका येतात. दुसऱ्या खुर्चीमागे मग कोण उभं राहणार? माझे गुडघे तर आताच सहा वाजले की करकरायला लागतात. शिवाय गप्पा मारायला कोण? हे दुसरं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण ते पहिल्यापेक्षा मोठं होतं.

हे खूळ तिच्या डोक्यात आलं ते एका शिवणकाम करणाऱ्या बाईमुळे. ती आमची जुनी ग्राहक. नवरा गेल्यावर दिरांनी तिच्या खोलीला कुलूप लावलं. ती खुर्चीत बसून रडत रडत सांगत होती आणि धाकटी केस कापता कापता म्हणत होती, “अगदी बरोबर आहे तुमचं. शंभर टक्के बरोबर.” केस फार सुरेख कापले होते. बाई आरशात बघून थोडीशी हसलीसुद्धा, आणि मग पिशवी उचलून बाहेर जाऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली. कुठल्या दिशेला जायचं हेच तिला ठरवता येईना.

काचेतून ते बघत धाकटी म्हणाली, “ताई, मी तिला दहादा म्हटलं, तुझं बरोबर आहे. तिचं कुलूप उघडलं का?”

“आपलं काम केस कापायचं.”

“तेच म्हणते मी. मला हे एकदा अशा ठिकाणी म्हणायचंय, जिथे म्हटल्यावर कुलूप उघडतं.”

आठवडाभरात पुस्तकं दुकानात आली. तेव्हापासून दोन आरशांच्या मधल्या पट्टीवर, जिथे आधी केशरचनांचे फोटो असायचे, तिथे चिमट्याला सरावाचे प्रश्न लटकतात. तिचे हात कामात असतात म्हणून वाचायचं मी. मनातून विरोध असला म्हणून काय झालं, तोंड तर रिकामंच होतं.

परीक्षा महिन्यावर आली आणि दुकानात तो तमाशा झाला.

आमच्याकडे एक सासू यायची आणि तिची सून यायची. येण्याचे वार दोघींनी आपसूक वेगळे धरलेले. सासू खुर्चीत बसली की सुनेचं गाऱ्हाणं, सून बसली की सासूचं. धाकटी दोघींना सारखंच म्हणायची, “अगदी बरोबर आहे तुमचं.” त्या दिवशी सासू केसांना रंग लावून, धुऊन ड्रायरखाली बसली होती. तोंडावर लेपाचा जाड थर आणि डोळ्यांवर काकडी. सख्ख्या आईने ओळखलं नसतं. सून अचानक घाईत आली, कुठल्याशा कार्यक्रमाला जायचं होतं. ती पलीकडच्या खुर्चीत बसली आणि सुरूच झाली. मी पडद्याआड चहा टाकत होते. मला वाटलं, जाऊ दे, ड्रायर चालू आहे.

“कपाटाच्या किल्ल्या कमरेला लावून झोपतात हो! मी काय चोर आहे?”

“छे छे.”

“आणि परवा पाहुण्यांसमोर म्हणतात, हिला साधा भात करता येत नाही.”

इथे ड्रायरची वेळ संपली. टक्कन आवाज झाला आणि दुकान शांत झालं. त्या शांततेत धाकटीचा आवाज खणखणीत उमटला.

“तुमचं अगदी बरोबर आहे. काही काही सासवांना अक्कल कमीच असते.”

ड्रायरखालून एक काकडी खाली पडली. मग दुसरी.

“मंगळवारी काय म्हणालीस गं मला?” लेपाच्या आतून आवाज आला. “म्हणालीस, तुमची सून म्हणजे डोक्याला ताप आहे. म्हणालीस का नाही?”

सुनेने खुर्ची गर्रकन फिरवली. “असं म्हणालात तुम्ही?”

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. कंगवा हातात तसाच. ती एकदा हिच्याकडे बघते, एकदा तिच्याकडे. खरी गंमत अशी, की मघापर्यंत एकमेकींच्या जिवावर उठलेल्या त्या दोघी आमच्यावर तुटून पडायला मात्र एक झाल्या. लेप अर्धा पुसून सासू आणि अर्धे केस विंचरून सून, दोघी एकाच रिक्षात बसून गेल्या.

“दोन ग्राहक गेले एका फटक्यात,” मी म्हटलं. “वर एका रिक्षात. समेट घडवलास म्हण की.”

तिला हसू आलं नाही. “मी खोटं नव्हते बोलत, ताई. मंगळवारी मला खरंच सासूचं पटलं होतं. आज सुनेचं पटलं. मी करू काय?”

हे तिला शिकवलं होतं मीच. नवी नवरी म्हणून घरात आली, चारआठ महिन्यांनी मी तिला दुकानात घेतलं, तेव्हा दोन नियम घालून दिले होते. पहिला, खुर्चीतली बाई बरोबर. तिची मान आपल्या कात्रीखाली असते, तेव्हा तिच्याशी वाद घालायचा नाही. मला स्वतःला तो नियम कधी धड जमला नाही, पण हिने असा अंगी बाणवला की आमच्यापेक्षा मोठी पार्लरं ओस पडली आणि आमच्याकडे बायका रांग लावून बसू लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान रिकामं होतं. ती ब्रश धूत होती, मी चिमट्याचं पान काढून वाचत होते. चष्मा घरी राहिलेला आणि पान मधोमध दुमडलेलं. माझ्या लक्षात आलं नाही, मी दुमडीच्या खालून सुरुवात केली.

“दुकानदाराचं म्हणणं असं, की कपाटाचं दार वाकडं असल्याचं मी बाईंना दाखवलं, त्यासाठी किंमत कमी केली आणि त्यांनी चालेल म्हणून ते नेलं.”

“मग बरोबर आहे की दुकानदाराचं,” धाकटी म्हणाली. “अजून काय करणार तो?”

“थांब, वरचं राहिलंच.” मी पान उलगडलं. “एका बाईने दुकानातून कपाट घेतलं. घरी आणल्यावर दार लागेना, आत पाणी जाऊन तिचे चांगले कपडे खराब झाले. तिला कपाट बदलून हवंय.”

“अरे देवा. मग द्यायलाच हवं त्याने बदलून. बाईचं बरोबर आहे.”

“आत्ता दुकानदाराचं बरोबर म्हणालीस!”

“तेव्हा ती बाई आली कुठे होती?” धाकटी सहज म्हणाली.

मी पान खाली ठेवलं. ‘आली कुठे होती’ म्हणे! जणू ती कपाटवाली आणि तो दुकानदार एकेक करून काचेचं दार ढकलून आत येत होते.

“अगं, तू यांना खुर्चीत बसवतेस!”

“कोणाला?”

“या प्रश्नातल्या माणसांना. जो पहिला येईल त्याला बसवतेस, गळ्याभोवती कापड बांधतेस आणि म्हणतेस, तुमचं अगदी बरोबर आहे. ती म्हातारी पहिली आली, तिचं बरोबर. आज दुकानदार पहिला आला, त्याचं बरोबर.”

तिने ओले ब्रश तसेच टाकले. चिमट्यातली सगळी पानं ओढून काढली आणि उभ्या उभ्या वाचू लागली. मग हळूहळू खुर्चीत बसली. “हो की हो,” एवढंच म्हणाली.

आता मी तिच्या विरोधात होते हे मघाशीच सांगितलंय. तेवढ्यावर गप्प बसले असते तर माझी संध्याकाळची सोय कायमची झाली असती. पण चुकीचा कापलेला केस दिसला की हात शिवशिवतात, त्याला मी काय करणार?

“ऊठ,” मी म्हटलं. “खुर्च्या दोन आहेत ना आपल्याकडे? मग दोघांना बसवायचं.”

त्या दिवसापासून दुपारच्या रिकाम्या वेळात आमचं नाटक सुरू झालं. मी पहिल्या खुर्चीत बसायची, कपाटवाली होऊन रडायची. मग उठून गुडघे धरत दुसऱ्या खुर्चीत जायची आणि दुकानदार होऊन ओरडायची. मी कुत्र्याची मालकीण झाले, कुत्रा चावलेला पोस्टमन झाले, पुलाचा ठेकेदार झाले. धाकटीने दोघांच्या मागे उभं राहायचं, दोघांचं पुरतं ऐकायचं आणि तोंडातून ‘बरोबर आहे’ काढायचं नाही. सुरुवातीला ते तिच्या ओठांपर्यंत यायचं, मग ती ओठ दाताखाली धरायची.

“नियम म्हणजे तुझी कात्री समज,” मी सांगितलं. “केस कोणाचे आहेत हे कात्री विचारते का?”

“पण वाईट वाटतं हो.”

“वाटू दे ना. वाईट वाटायला बंदी नाही. उत्तर नियमाचं दे आणि मग चहा पिता पिता वाईट वाटून घे.”

आणि ती खरोखर तसंच करायला लागली. “म्हातारीला भरपाई नाही,” असं ठाम सांगायची आणि मग पडद्याआड जाऊन, “पण फुलं तरी पाठवायची शेजाऱ्याने,” असं पुटपुटायची. उत्तरं बरोबर यायला लागली. सराव परीक्षांत ती भराभर वर चढू लागली आणि तिच्या चालण्यातसुद्धा फरक पडला. एका दुपारी मी मात्र दोनदा चुकीचा प्रश्न वाचला, तिसऱ्यांदा पानच सापडत नाही म्हटलं. ते माझ्या मांडीवर होतं.

तिने माझ्याकडे बघितलं. “बसा, ताई. आज प्रश्न मी घालते.”

“मला कशाला?”

“बसा हो.” तिने मला पहिल्या खुर्चीत बसवलं, चक्क गळ्याभोवती कापड बांधलं आणि मागे उभी राहिली. “दोन जावा एक पार्लर चालवतात. धाकटीला शिकायला जायचंय. थोरलीला ते नको आहे. थोरलीचं म्हणणं काय?”

आरशात मला माझाच चेहरा दिसत होता आणि त्याच्या वर तिचा. खुर्चीत बसल्यावर माणूस का बोलतो ते मला त्या दिवशी कळलं. मान तिच्या हातात होती आणि नजर चुकवायला जागा नव्हती.

“थोरली म्हणते,” माझा आवाज मलाच ओळखू येईना, “गुडघे दुखतात. संध्याकाळची गर्दी एकटीने कशी झेपायची? आणि, आणि दिवसभर बोलायचं कोणाशी? वकिलांशी बोलायची सवय झाल्यावर तू माझ्याशी काय बोलणार?”

तिचे हात माझ्या खांद्यांवर होते. ‘अगदी बरोबर आहे तुमचं’ असं ती आता म्हणेल, मला खात्री होती. ती ओठ दाताखाली धरून उभी राहिली. मग दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसली.

“धाकटी म्हणते, मला ताईंना सोडायचं नाहीये. सकाळ त्यांचीच. पण आता नाही गेले तर मी आयुष्यभर कुलपाबाहेर उभ्या असलेल्या बायकांचे केस कापत राहीन.”

मग ती उठून मध्ये उभी राहिली. “आणि नियम? दुकानात आले तेव्हा तुम्हीच घातला होतात. दुसरा.”

दुसरा नियम मी विसरले नव्हते. ‘जिला ज्या दिवशी जावंसं वाटेल तिला दुसरीने अडवायचं नाही.’ तेव्हा मला शहरातल्या मोठ्या पार्लरात जायची स्वप्नं पडत होती. नियम मी माझ्यासाठी केला होता. मी कुठेच गेले नाही, नियम तेवढा राहिला.

“नियमात थोरली-धाकटी लिहिलंय का कुठे?” तिने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.

माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीत बसून मी खटला हरले. रडू आलं आणि हसूही आलं. तिने कापड सोडलं, आणि दोघींनी चहा घेताना मनसोक्त वाईट वाटून घेतलं.

परीक्षेच्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं आणि तिच्यासोबत गेले. केंद्राबाहेर झाडाखाली पोरासोरांचे आईबाप उभे होते. त्यातल्या एकाने विचारलं, “मुलगी बसलीय का?” मी म्हटलं, “जाऊ.” त्याला वाटलं मी निघायचं म्हणतेय, तो बाजूला झाला.

ती बाहेर आली तेव्हा चेहरा लाल झाला होता. कधी एकदा सांगते असं झालं होतं तिला.

“ताई, पार्लरवाली आली होती!”

“कुठे?”

“प्रश्नात. एका पार्लरवालीने गर्दीच्या वेळी घाईत रंग लावला. कानामागे थोडासा लावून बघायचा असतो ना आधी, ते केलं नाही. ग्राहकाचं डोकं भाजलं. नियम असा, की धंद्यातली नेहमीची काळजी घेतली नाही आणि इजा झाली तर भरपाई द्यावी लागेल. बिचारी एकटीच होती हो दुकानात. वर ती ग्राहक बाई इतकी उर्मट!”

“मग?”

“मी पार्लरवालीला बसवलं. सगळं ऐकून घेतलं. मग दुसरीला बसवलं.” ती थांबली. “पार्लरवाली हरली.”

“आपल्यातली होती गं ती!” माझ्या तोंडून निघूनच गेलं.

“नियम तसा होता, ताई.”

निकाल महिन्याने लागायचा होता, पण मला तो तिथेच, झाडाखाली कळला. मी भर रस्त्यात तिला मिठी मारली. तिच्या हाताला अजून रंगाचा वास येत होता.

निकाल आला त्या दिवशी दुकानात बँकेतल्या बाई होत्या. धाकटीने फोन बघितला, पुन्हा बघितला, आणि मला दाखवला. नाव यादीत होतं, वर म्हणावं इतक्या वर होतं. बँकेतल्या बाईंनी एका भुवईनिशी उठून टाळ्या वाजवल्या. भावजी धावत आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, “मी म्हटलं नव्हतं?” त्याने कधी काही म्हटलं होतं असं आम्हा कोणालाच आठवेना, पण त्या दिवशी त्याला माफ होतं.

सासू-सूनही परतल्या. आधी सासू आली. खुर्चीत बसल्या बसल्या किल्ल्यांवरून सुरू झाली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, “माझं बरोबर ना गं?” धाकटी म्हणाली, “सूनबाईंचंही ऐकते आणि मग सांगते.” सासूने आरशातून तिच्याकडे रोखून बघितलं. “मग पुढच्या वेळी दोघी येतो,” ती म्हणाली.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी दुपारी मी धाकटीला खुर्चीत बसवलं. इतक्या वर्षांत ती तिथे गिऱ्हाईक म्हणून कधी बसली नव्हती. घरी आरशासमोर स्वतःच कात्री चालवायची. मी केस ओले केले, विंचरले, खांद्यावर सरळ रेषेत कापले. ती घाबरलेली होती.

“वर्गात सगळ्यांत मोठी मीच असेन. पोरं हसतील मला.”

“अगदी बरोबर आहे तुझं,” मी म्हटलं. “हसतील. आता ऊठ.”

ती गेली. काचेतून दिसेनाशी होईपर्यंत मी कात्री हातात घेऊन उभी होते. मग खाली पडलेले तिचे केस झाडून एका बाजूला केले आणि दुसरी खुर्ची पुसून ठेवली. तेवढ्यात ऑफिसं सुटली, बायका यायला लागल्या. सासू ड्रायरखाली होती, सून माझ्यासमोर. गुडघे आपलं गाणं म्हणायला लागले होते.

“त्या कुठे आहेत आज?” रिकाम्या खुर्चीकडे बघत सुनेने विचारलं.

“कॉलेजात गेलीय,” मी म्हटलं. “वकील होतेय ती.”

आणि ते मी असं म्हटलं, की ड्रायर सुरू असूनही खालच्या बाईने काकडी उचलून माझ्याकडे बघितलं.